डोक्याचा मार आणि सीबीडीचे तेल

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन दवाखान्यात आले. न्हाणीघरात पाय घसरून त्या पडल्या, त्याला पाच आठवडे झाले होते. डोके दुखे, झोप लागत नसे. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मुलाने ‘सीबीडी’चे तेल आणून रात्री जिभेखाली देण्यास आरंभ केला. “आता शांत झोपतात. दिवसाही झोपूनच असतात,” ते समाधानाने म्हणाले. त्या दुसऱ्या वाक्याने मी सावध झालो. सी.टी. स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त दिसले. शस्त्रक्रिया वेळेत झाली, हे नशीब.

रक्तस्राव तेलामुळे झाला नव्हता. पण वाढती गुंगी घरच्यांना तेलाचा गुण वाटली.

सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हा भांगेच्या झाडातील घटक. नशा आणणारा टीएचसी वेगळा. सीबीडी थोतांड नव्हे: अमेरिकेत २०१८ साली अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मेंदूच्या इजेनंतरची सूज व दाह त्याने कमी होतो, असे प्राण्यांवरील काही प्रयोगांत आढळले आहे. परंतु प्राण्यांकडून माणसांकडे येताना आशा पुष्कळदा गळून पडते. याच जातकुळीतील डेक्सानाबिनॉल हे कृत्रिम द्रव्य उंदरांमध्ये गुणकारी ठरले होते. मेंदूला गंभीर इजा झालेल्या ८६१ रुग्णांवरील चाचणीत मात्र त्याचा लाभ दिसला नाही. २००६ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेंदूच्या इजेवरील उपचार म्हणून सीबीडीला मान्यता नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. यकृत ज्या मार्गाने अनेक औषधांचा निचरा करते, तोच मार्ग सीबीडी अडवते. वॉरफेरिन घेणाऱ्याचे रक्त त्यामुळे अधिकच पातळ होऊ शकते. डोक्याला मार लागलेल्याला हे किती महागात पडेल, ते सांगायला नको. क्लोबाझामची गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएटसोबत यकृतावर ताण येऊ शकतो.

वयोवृद्ध व्यक्ती पडल्यानंतर काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही, लक्ष ठेवा. झोपाळूपणा, वाढती डोकेदुखी, उलटी, चालताना तोल जाणे, बोलण्यात वा वागण्यात फरक, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरात असे तेल चालू असेल तर संकोच न करता बाटली सोबत आणा. आम्ही रागावणार नाही.