मूलपेशींचा व्यापार आणि अगतिक ग्राहक

नाळेतील मूलपेशींच्या इंजेक्शनाने झिजलेला गुडघा पूर्ववत होतो, या आशेने आमच्या एका सहकाऱ्याने आईसाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचे ठरविले आहे. प्रश्न वैद्यकाचा असला तरी त्याला अर्थशास्त्राची बाजू आहे.

नाळेतील रक्ताची उपयुक्तता निर्विवाद होय. डॉ. एलियान ग्लुकमन यांनी 1988 साली पॅरिसमध्ये त्याचे पहिले प्रत्यारोपण केले. पण ते रक्तविकारासाठी. रक्त घडविणारी पेशी कूर्चाही घडवील, असे गृहीत धरता येत नाही. सांध्यांसाठी वापरतात त्या पेशी निराळ्या. दक्षिण कोरियाने 2012 साली गुडघ्याच्या कूर्चेसाठी अशा पेशींच्या एका औषधास मान्यता दिली, हे खरे. मात्र ते शस्त्रक्रिया करून बसवावे लागते आणि त्यातील पेशी दात्यांच्या असतात. अपत्याची नाळ हप्ते भरून जपणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे. उलट, अमेरिकेत 2018 साली नाळरक्तापासून केलेली, मान्यता नसलेली इंजेक्शने सांध्यांत वा पाठीच्या कण्यात घेतलेल्या 12 रुग्णांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालय गाठावे लागले.

वैद्यकीय सेवेत ग्राहकास मालाची पारख करता येत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 सालीच दाखवून दिले होते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक सूत्रे, रक्ताचे मान्य विकार वगळता, असे उपचार नियंत्रित चाचणीपुरतेच मर्यादित ठेवतात. चाचणीचा खर्च रुग्णाने सोसायचा नसतो. आमच्या सहकाऱ्याने दाखविलेल्या अंदाजपत्रकात चाचणीचा नोंदणी क्रमांक कोठेच नव्हता. आगाऊ रक्कम मात्र ठळक छापलेली होती.