हेडसेटची पिन आणि हरवलेला आवाज

लॅपटॉपला जोडलेल्या हेडसेटमधून आवाज येईनासा झाला किंवा समोरच्याला बोलणे ऐकू जाईना, की दोष बहुधा हेडसेटच्या माथी मारला जातो आणि नवा हेडसेट विकत घेतला जातो. प्रत्यक्षात अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ हेडसेट आणि लॅपटॉप यांच्यातील जोडणीत असते, आणि आवाज नेमका कसा बिघडला आहे याकडे लक्ष दिले तर ते घरच्या घरी सापडूही शकते.

तारेच्या हेडसेटची पिन ३.५ मिलिमीटर व्यासाची असते. तिची थोरली बहीण, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन, एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यासाठी वापरात आली, तर लहान पिन घरोघरी पोहोचली ती १९७९ मध्ये बाजारात आलेल्या वॉकमनमुळे. पिनेवर दिसणारे बारीक पट्टे विद्युतरोधक असून ते धातूचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवतात. दोन पट्टे असतील तर तीन संपर्क मिळतात : डावा कान, उजवा कान आणि दोघांची परतीची सामाईक तार, जिला ‘ग्राउंड’ म्हणतात. पट्टे तीन असतील तर चौथा संपर्क माइकसाठी असतो.

अडचण या चौथ्या संपर्काच्या जागेवरून सुरू होते. आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘सीटीआयए’ रचनेत टोकाकडून तिसरा संपर्क ग्राउंडचा आणि चौथा माइकचा असतो. ‘ओएमटीपी’ या जुन्या रचनेत, जी एके काळी अनेक मोबाइल फोनच्या हेडसेटमध्ये होती, हे दोन्ही उलटे असतात. असा हेडसेट आजच्या लॅपटॉपला लावला की ग्राउंडची वाट जवळजवळ तुटते, दोन्ही कानांतील स्पीकर एकाच साखळीत येतात आणि त्यांतून डाव्या व उजव्या संकेतांमधील फरक तेवढा वाजतो. ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असल्याने या वजाबाकीत तो बुडून जातो आणि मागची वाद्ये मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखी ऐकू येतात. अशा वेळी तारेवरचे फोन उचलण्याचे बटण दाबून धरावे. ते माइकची तार ग्राउंडला जोडत असल्याने तुटलेली वाट पूर्ण होते, आणि गायकाचा आवाज तत्क्षणी परतला तर निदान पक्के झाले असे समजावे. त्यावर उपाय म्हणजे या दोन संपर्कांची अदलाबदल करणारा छोटा अ‍ॅडॉप्टर. सॉकेटमध्ये धूळ व धागे साचून पिन पुरती आत बसत नसेल तरीही हेच लक्षण दिसते; तेव्हा लॅपटॉप बंद करून लाकडी काडीने सॉकेट हलक्या हाताने साफ करणे हा पहिला उपाय.

जुन्या लॅपटॉपना कानासाठी आणि माइकसाठी दोन वेगळी सॉकेट असत. त्यांच्यावर चार संपर्कांच्या पिनेचा माइक चालत नाही. त्यासाठी एका पिनेच्या दोन पिना करणारा ‘स्प्लिटर’ लागतो.

ब्लूटूथ हेडसेटची तक्रार वेगळीच असते. गाणे उत्तम वाजत असताना ऑनलाइन बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा बोथट होतो, आणि वापरणाऱ्याला यंत्र बिघडल्याची खात्री पटते. वास्तविक, पारंपरिक ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याच्या दोन स्वतंत्र पद्धती आहेत. ‘ए-टू-डी-पी’ ही पद्धत संगीत दोन वाहिन्यांत, पण एकाच दिशेने नेते. माइक लागताच हेडसेट दुहेरी संभाषणासाठी आखलेल्या ‘हँड्सफ्री’ पद्धतीवर जातो. या पद्धतीच्या मूळ रूपात ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक कंपने टिपता येत नाहीत, म्हणून ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे कापले जाते. मानवी कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो, आणि ‘स’च्या उच्चारातील बरीचशी ऊर्जा या कापलेल्या भागातच असते. सुधारित रूपात नमुने १६,००० झाले, तरी संगीताचा दर्जा येत नाही. सोपा मार्ग असा, की ध्वनीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडसेट आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा, म्हणजे हेडसेट बहुधा संगीताच्या पद्धतीवरच राहतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या मानकाने ही कोंडी फोडली आहे. मात्र त्याची सोय हेडसेट आणि लॅपटॉप दोघांतही असावी लागते, आणि खरेदीच्या वेळी हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा.

माइक मुळीच चालत नसेल, तर तार तपासण्याआधी परवानगी तपासावी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर हे दोघेही माइकवर आपापला पहारा ठेवतात, आणि यांपैकी एकानेही अडवले तरी निरोगी माइक मुका वाटतो.

एवढे करूनही उलगडा न झाल्यास हेडसेट मोबाइलला किंवा दुसऱ्या लॅपटॉपला जोडून पाहावा. तिथे तो नीट चालला, तर यूएसबीचा स्वस्त ध्वनी अ‍ॅडॉप्टर वापरावा. त्यात अंकीय संकेतांचे ध्वनीत रूपांतर करणारी स्वतंत्र चिप असल्याने लॅपटॉपच्या नादुरुस्त सॉकेटला वळसा घालता येतो आणि चांगला हेडसेट कचऱ्यात जात नाही.