माळावर विमान उडवू द्यायचं? आधी पाणी, पट्टी आणि कागद बघा

वेरूळ (ता. खुलताबाद) : मका निघाली, गहू पिवळा पडला की वेरूळ परिसरातले माळ मोकळे दिसू लागतात. रिमोटवर चालणारी छोटी विमानं उडवणाऱ्यांना अशीच जागा हवी असते. सपाट रान, आजूबाजूला तारा नाहीत, झाडं नाहीत, माणसांची वर्दळ नाही. शहरात आता अशी जागा राहिली नाही. त्यामुळे कॉलेजची पोरं असोत की हौशी मंडळी, विचारणा होते ती शेतकऱ्याच्या पडीक रानाची.

बहुतेक वेळा शेतकरी नाही म्हणत नाही. "उडवा की, रान पडूनच आहे," असं म्हणून तोंडी परवानगी मिळते. भांडण होतं ते पुढे, आणि त्याचं कारण बहुधा भाडं नसतं. विमान शेजाऱ्याच्या गव्हात पडतं, ते शोधायला चार जण पीक तुडवत जातात. किंवा त्याहून वाईट म्हणजे वाळल्या गवताला आग लागते. एकदा कडब्याची गंजी जळाली की ती जागा त्या पोरांना पुन्हा मिळत नाही, आणि ज्याने जागा दिली त्याचे बांधाशेजाऱ्याशी संबंध बिघडतात ते वेगळंच. म्हणून आगीची तयारी आणि जागामालकाशी बोलणी ही दोन कामं पहिलं विमान उडण्याआधी एकाच बैठकीत व्हायला पाहिजेत.

हे विमान म्हणजे नेमकं काय?

थर्माकोलसारखा फोम, बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा फायबर यांची ही विमानं असतात. पंख दोन-चार फुटांपासून पुढे कितीही मोठे असू शकतात. एनसीसीच्या हवाई विभागात कॅडेट्सना हीच विद्या एरोमॉडेलिंग म्हणून शिकवतात. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी स्पर्धेसाठी अशी विमानं बनवतात. म्हणजे हा नुसता पोरखेळ नाही. पण त्यात ऊर्जा साठवलेली असते, आणि आगीचं मूळ तिथेच आहे.

आग कुठून लागते?

पहिलं कारण बॅटरी. या विमानांत लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिच्या एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरतात, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्यापुढे चार्ज केली, विमान आपटून ती चेपली किंवा तिला छिद्र पडलं, तर आतल्या आत शॉर्ट होऊन ती तापते, धूर सोडते आणि पेट घेते. यातली फसवी गोष्ट अशी की आग लगेच लागेलच असं नाही. पडलेली बॅटरी वरून चांगली दिसते आणि काही वेळाने गाडीच्या डिकीत पेटते. फुगलेली बॅटरी तर वापरायचीच नाही.

दुसरं कारण इंधन. काही विमानांत मिथेनॉल आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारं छोटं इंजिन असतं, मोठ्या विमानांत पेट्रोल असतं. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. गवत काळं पडायला लागल्यावरच कळतं की आग लागलीय. जेट विमानात केरोसीनवर चालणारं टर्बाइन असतं. अमेरिकेत या छंदाची १९३६ पासूनची संघटना आहे, ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स. तिच्या नियमात टर्बाइन उडवताना अग्निशामक नळकांडं जवळ असणं सक्तीचं आहे.

तिसरं कारण आपल्याला ओळखीचं आहे. बिडी-सिगारेट, वाळल्या गवतात उभी केलेली मोटारसायकल, तिचा तापलेला सायलेन्सर, चहासाठी पेटवलेली चूल. विमानाच्या नादात याच गोष्टी विसरल्या जातात.

वेरूळच्या उताराला धोका जास्त का?

आग चढाला वेगाने पळते. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात, त्यामुळे ते झटकन पेट घेतं. जाणकारांचा ढोबळ हिशोब असा की उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. लेणी ज्या डोंगररांगेत कोरली आहेत ती रांग आणि खुलताबादकडचा चढ डोळ्यांपुढे आणा. पायथ्याच्या माळावर पडलेली ठिणगी वाऱ्याबरोबर वर निघाली तर तिला माणूस पळून गाठू शकत नाही.

त्यात अग्निशमनचा बंब छत्रपती संभाजीनगरहून निघाला तर जवळपास ३० किलोमीटर, दौलताबादचा घाट चढून आणि खुलताबादचा उतार उतरून येणार. तोवर पहिला अर्धा तास जे करायचं ते जागेवरच्या माणसांनाच करावं लागतं.

रान कसं तयार करावं?

१) पट्टी : उडवायच्या जागेभोवती किमान दहा फूट रुंद पट्टी वखरून काढावी. माती दिसली पाहिजे, नुसतं गवत कापून भागत नाही. वनखात्याच्या जाळरेषेचं तत्त्व हेच. ही पट्टी पेटवून करू नये, फेब्रुवारीनंतर तर मुळीच नाही. जोराच्या वाऱ्यात आग पट्टी ओलांडू शकते, म्हणून पट्टीच्या भरवशावर पाणी विसरू नये.

२) पाणी : दोनशे लिटरचा भरलेला ड्रम, दोन बादल्या आणि पाठीवरचे दोन फवारणी पंप भरून तयार. तणनाशकाला वापरलेला पंप घेऊ नये. ज्याच्याकडे मोसंबीसाठी ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे त्याने टाकी भरून बांधावर उभी केली तर उत्तमच.

३) झोडपायला : ओली गोणपाटं आणि लिंबाचे हिरवे डहाळे. गवताची आग छोटी असताना कडेने झोडपत यायचं, समोरून नाही. आग कमरेच्या वर गेली तर झोडपण्याच्या भानगडीत पडू नये, जळलेल्या बाजूला सरकून माणसं वाचवावीत.

४) वेळ : ऊन तापायच्या आत, सकाळीच उडवणं संपवावं. दुपारी गवत कडकडीत होतं आणि वारा सुटतो. वावटळी उठायला लागल्या की त्या दिवशी विमान पेटीत.

५) पहारा : एक जण विमान उडवत नसेल असा ठेवावा. त्याचं काम फक्त विमान कुठे पडलं ते बघणं आणि पाण्याजवळ थांबणं.

बॅटरी चार्ज करायची तर ती उघड्या मातीवर, डोळ्यांदेखत. गवतात नाही, बंद गाडीत नाही, कडब्याच्या सावलीला तर नाहीच. पडलेल्या विमानाची बॅटरी काढून पत्र्याच्या बादलीत, वाळूवर, सगळ्यांपासून लांब ठेवावी आणि निदान तासभर लक्ष ठेवावं. पेटलीच तर धूर अंगावर घेऊ नये, तो विषारी असतो. भरपूर पाणी मारून आजूबाजूचं गवत भिजवावं आणि बॅटरी थंड होऊ द्यावी. पावडरच्या नळकांड्याने ज्वाळा दबते, पण आतली उष्णता राहते आणि ती पुन्हा पेटू शकते.

जागेचा मालक कोण, हे आधी सातबाऱ्यावर बघा

जो माणूस बांधावर भेटला तोच मालक असेल असं नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावं सामाईक असतील तर एकाच्या होकाराने भागत नाही. एखाद्याने बटईने रान केलं असेल तर त्यालाही विचारावं लागतं, कारण चारा त्याचा असतो. आपल्या भागात देवस्थानाच्या आणि वक्फच्या इनाम जमिनी आहेत, तिथे कसणारा आणि मालक वेगळे. गायरानावर तर सरपंचाने तोंडी दिलेला होकार पुरेसा नाही, ती जमीन शासनाची असते. तिथे तहसील कार्यालयाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नये.

जागा देणाऱ्यांच्या मनात एक भीती असते : "उद्या हे कूळ म्हणून बसले तर?" मराठवाड्यात कुळांसाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. कूळ म्हणजे जमीन कसणारा. सुट्टीच्या दिवशी विमान उडवणारा काही जमीन कसत नाही. तरी मनातली शंका कागदाने मिटते. "ही फक्त ठरावीक दिवसांची वापराची परवानगी आहे, ताबा मालकाकडेच आहे, मालक कधीही परवानगी रद्द करू शकतो," एवढं साधं वाक्य कागदावर असलं की दोन्ही बाजू निर्धास्त राहतात.

कागदात आणखी काय असावं?

गट नंबर आणि नेमका कोणता तुकडा. कोणते दिवस, किती वाजेपर्यंत. एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं आणि किती गाड्या. पेरणीनंतर जागा बंद राहील का. पाण्याचा ड्रम कोण भरणार. आग लागली किंवा पीक तुडवलं गेलं तर भरपाई कोण देणार आणि कशी मोजणार. त्यासाठी सोपी पद्धत अशी : त्याच दिवशी फोटो, गावातल्या दोन माणसांसमोर पंचनामा, आणि बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव. थोडी अनामत रक्कम मालकाकडे ठेवली तर बोलणी तुटेपर्यंत ताणली जात नाहीत.

भरपाईचं इतकं खोलात का? कारण निष्काळजीपणाने लागलेल्या आगीत पीक विमा कामी येत नाही, आणि रचून ठेवलेल्या कडब्याचा तर पीक विमा नसतोच. अद्रकीच्या रानात आग शिरली तर पिकाबरोबर ठिबकच्या नळ्याही वितळतात. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे आगीबाबत निष्काळजीपणा हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

अमेरिकेतल्या त्याच संघटनेकडून क्लबला जागामालकाच्या नावानेही विमा संरक्षण घेता येतं. त्यामुळे मालक "माझ्यावर काही येणार नाही ना?" असं विचारतो तेव्हा क्लबकडे दाखवायला कागद असतो. आपल्याकडे ड्रोन नियमांत नॅनो म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन सोडून बाकीच्यांना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सांगितला आहे. जागा मागायला येणाऱ्यांकडे त्याची प्रत मागायला शेतकऱ्याने संकोच करू नये.

शेजारी विसरू नका

परवानगी एका मालकाची आणि विमान पडतं दुसऱ्याच्या रानात, हे ठरलेलंच. म्हणून चारही बांधांच्या शेजाऱ्यांना आधी भेटावं. कोणाचा गहू उभा आहे, कोणाची गंजी कुठे रचली आहे, कोणाची जनावरं कुठे चरतात, हे बघून उडवायची दिशा ठरवावी. विमान पिकात पडलं तर मालकाला हाक मारावी, एकट्यानेच सरीने आत जावं, त्याच वाटेने परत यावं. विमान पडलं आणि त्यातून धूर निघतोय, तेवढ्याच वेळी पंप घेऊन धावायला परवानगीची वाट बघायची नाही. हेही आधीच सांगून ठेवावं.

वेरूळचे नियम वेगळे

वेरूळची ३४ लेणी संरक्षित स्मारक आहेत आणि १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन किंवा विमान उडवायचं नाही. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे, म्हणजे विमानासाठी पत्र्याची शेड उभारण्याआधीही चौकशी लागते. घृष्णेश्वराला महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी असते, अशा दिवशी गर्दीच्या आसपास उडवूच नये.

ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं विमान त्यात 'मॉडेल' धरलं आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. पण हवाई क्षेत्राचे निर्बंध त्यालाही आहेत. हिरव्या क्षेत्रात साधारण ४०० फुटांपर्यंत, लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरही बघता येतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आग लागलीच तर

आधी माणसं आणि जनावरं बाजूला. मग १०१ किंवा ११२ ला फोन. आग वनखात्याच्या हद्दीकडे सरकत असेल तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावरही कळवावं. फोन करताना गाव, शिवार आणि जवळची खूण सांगावी. आग विझल्यावर निघून जायची घाई करू नये, धुमसणारं शेण आणि खोडकं तासाभराने पुन्हा पेट घेतात. आणि शेवटचं काम म्हणजे जागामालकाला त्याच दिवशी, स्वतः जाऊन सांगणं. ही बातमी त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.

पोरांनी विमानं उडवावीत, गावातल्या लेकरांनीही ती बघावीत, शिकावीत. पडीक रानाचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच असेल. फक्त पहिलं विमान हवेत जायच्या आधी ड्रम भरलेला आहे का, हे मालकाने एकदा बांधावर जाऊन बघावं. ड्रम रिकामा असेल तर त्या दिवशी परवानगी नाही, एवढी एकच अट पाळली तरी बरंच काही वाचेल.