नाणी किती आणि पैसे किती?

पाच वर्षांच्या मुलापुढं एका बाजूला रुपयाची तीन नाणी ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पाच रुपयांचं एकच नाणं. जास्त पैसे कुठं, असं विचारलं तर पुष्कळदा त्याचं बोट तीन नाण्यांकडं जातं. मूल चुकलं, असं आपण म्हणतो. पण त्यानं मोजलं बरोबरच! त्यानं नाणी मोजली, आपण पैसे मोजत होतो. नग आणि किंमत यांतला फरक उमगणं, ही हिशेबाची पहिली पायरी.

आकारावरूनही किंमत कळेलच असं नाही. २०११च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं, तर पाचाचं २३ मिलिमीटरचं! दहा रुपयांची नाणी तर १४ प्रकारची असून ती सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं. म्हणून नाण्यावरचा आकडा वाचायची सवय लावा. आजी-आजोबांचे चार आणे आता गोष्टीतच राहिले. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ला चलनातून गेली. तेव्हा सुरुवात रुपयापासूनच करावी.

वाटीभर चिल्लर धुऊन घ्या आणि मुलाला ती निवडायला सांगा. रुपया, दोन, पाच, दहा यांचे वेगवेगळे ढीग करू द्या. वीस रुपयांचं बारा कडांचं नाणं डोळे मिटून बोटांनी ओळखता येतं. सालाखाली हिऱ्याची खूण दिसली, तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं! मात्र मूल वस्तू तोंडात घालत असेल, तर हा खेळ नको. एरवीही मोठ्यांनी जवळ बसावं आणि शेवटी नाणी मोजून उचलावीत.

आधी एकाच प्रकारची नाणी मोजा : पाच, दहा, पंधरा. मग मिसळीची. त्यात मोठं नाणं आधी घ्यायचं : दहा, पंधरा, सतरा, अठरा. परतीच्या पैशांसाठी वजाबाकीची घाई नको. तेरा रुपयांच्या वस्तूला वीस दिले, तर तेरावर दोन म्हणजे पंधरा, त्यावर पाच म्हणजे वीस. सात रुपये परत आले.

आज भाजीचे पैसेही मोबाइलवरून जातात. मुलाला दिसतं ते एवढंच, की आई फोन पुढं धरते आणि पिशवी भरते. पाकीट रिकामं होतं, फोन रिकामा होताना दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुलाच्या हाती पन्नास रुपये रोख द्या. पेन्सिल आणि बिस्किटं दोन्ही बसत नसतील, तर काय परत ठेवायचं हे त्यालाच ठरवू द्या. पैसा पुरवायचा असतो, हे पाढ्यांतून कळत नाही, ते इथं कळतं. मागच्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबावं लागेल. थांबेल की!