राजेश्वरची मुले आणि संगणकशास्त्र

“गुरुजी, मराठी शाळेतील आमच्या मुलाला संगणकशास्त्र झेपेल काय?” राजेश्वरच्या पालकांचा हा नेहमीचा प्रश्न.

श्रोतेहो, संगणकाला हवा असतो पायरीपायरीने मांडलेला नेमका विचार, आणि तो गणित शिकविते. अकरावीत इंग्रजीतून शिकणे आरंभी जड जाते, पण सवयीने सुलभ होते. गणित सोडले, तर मात्र अभियांत्रिकीचे दार बंद होते. कर्नाटकात या प्रवेशासाठी पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांतील बारावीचे आणि प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरतात.

दुसरी गोष्ट कागदाची. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-जे आले. त्यान्वये बिदर-कलबुर्गीसह कल्याण कर्नाटकातील उच्च शिक्षणसंस्थांत स्थानिकांसाठी ७० टक्के, तर उर्वरित राज्यात ८ टक्के जागा राखीव आहेत. भालकी, बिदर, कलबुर्गी येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेतच. मात्र या सवलतीसाठी सहायक आयुक्तांच्या कचेरीतून पात्रता-प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे.

गुण असूनही केवळ एका कागदावाचून जागा हुकली, तर तो दोष मुलाचा नव्हे, आपणा वडीलधाऱ्यांचा.