बाण उलटा, कण सुलटा

कणांच्या आंतरक्रिया रेषांनी दाखवणारी, भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनची आकृती पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एक बाण हमखास खटकतो. काळ डावीकडून उजवीकडे जातो म्हणतात, इलेक्ट्रॉनचा बाणही निमूट तसाच जातो. पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाचा, मात्र उजवीकडून डावीकडे. मग पॉझिट्रॉन भूतकाळात निघाला की काय?

मथळे लिहिणाऱ्यांना हे फार आवडतं. पण तो बाण कणाची वाट दाखवतच नाही. शाळेतल्या परिपथात विद्युतधारेचा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढतात, तारेतले इलेक्ट्रॉन नेमके उलटे सरकत असतात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. इथेही बाण हिशेबापुरता. रेषा जिथे मिळतात तिथे एक बाण आत, एक बाहेर. फोटॉनच्या नागमोडी रेषेला बाण नाही, कारण तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण. संवेगाचा बाण वेगळा, रेषेच्या शेजारी काढायचा. दोघांची गल्लत झाली की उत्तरातली चिन्हं बिघडलीच.

बाणाचा हा पेच आकृत्यांच्याही आधीचा आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसनला कणाची वाट रेघेसारखी उमटवणाऱ्या क्लाउड चेंबरच्या फोटोत चुंबकीय क्षेत्राने वाकवलेली एक रेघ मिळाली. फोटोत रेघ असते, बाण नसतो! कण वरून खाली आला असेल तर तो साधा इलेक्ट्रॉन. खालून वर गेला असेल तर धनभारित. चेंबरच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी होती, आणि रेघ पट्टीच्या वर जास्त वाकलेली होती. मंद कण जास्त वाकतो. शिसं भेदताना कण दमला, म्हणजे तो खालून वर गेला. प्रोटॉन असता तर एवढी लांब रेघ उमटलीच नसती. पॉझिट्रॉन सापडला तो असा, एका शिशाच्या पट्टीने बाण काढून दिला म्हणून.

ऋणभार एका दिशेने आणि धनभार उलट दिशेने, रेघ तीच. फाइनमनने १९४९ च्या लेखात हेच गणितात बसवलं आणि दृष्टान्त दिला रस्त्याचा. कमी उंचीवरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानातल्या माणसाला एका रस्त्याच्या जागी अचानक तीन रस्ते दिसतात. पुढे त्यातले दोन एकमेकांना मिळून नाहीसे होतात, तेव्हा त्याला उमगतं की हा एकच रस्ता होता, मागे वळून पुन्हा पुढे गेलेला. घाटातून एसटीने गेलेल्याला हे वेगळं समजवायला नको. मधला, उलट दिशेचा तुकडा म्हणजे पॉझिट्रॉन.

मात्र काळात मागे वळणारी ही रेषा स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट स्ट्युकेलबर्गने १९४१ मध्येच फ्रेंच लेखात मांडली होती. आकृत्यांना नाव लागलं फाइनमनचं आणि १९६५ च्या नोबेलमध्ये श्विंगर, टोमोनागा यांच्यासोबत तोच होता. १९४९ च्या लेखात स्ट्युकेलबर्गचं नाव आहे, तळटीपेत.