पाचारण : जीवनमार्गाची निवड आणि श्रद्धा

शिक्षण संपत आलें कीं प्रत्येक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढें काय? वेतन, मान आणि सोय या तीन मापांनीं बहुधा त्याचें उत्तर काढलें जातें. ख्रिस्ती धर्मपरंपरेनें यांस चौथें माप जोडलें आहे. बुद्धि, शरीर व आयुष्य हीं ईश्वरानें सोंपविलेली ठेव आहे. म्हणून 'मला काय हवें?' या प्रश्नाआधीं 'मजकडून काय अपेक्षित आहे?' हें विचारावें, अशी ती शिकवण आहे. ईश्वराच्या या हांकेस 'पाचारण' म्हणतात. पण तें ओळखावें कसें? आकाशवाणी होऊन तें कानीं पडतें काय? पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत याचा उलगडा चांगला होतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. १८७४ सालीं दुष्काळाच्या हालअपेष्टांत त्यांचे आईवडील वारले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' ही पदवी दिली. परंतु १८८२ सालीं वैधव्य आलें व पदरीं लहानगी मनोरमा राहिली. पतिहीन स्त्रीचें जिणें कसें असतें, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. तेव्हां पाचारणाची पहिली खूण ही कीं, तें बहुधा दूर कोठें नसतें. जें दुःख आपण डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्याच आसपास तें सांपडतें.

१८८३ सालीं त्या वैद्यकशास्त्र शिकण्यासाठीं इंग्लंडास गेल्या. तेथें पतित स्त्रियांची ममतेनें शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचें कार्य त्यांनीं पाहिलें. या ममतेचें मूळ कोठें, असें विचारतां, येशूनें शोमरोनी स्त्रीशीं केलेल्या संभाषणाकडे त्यांचें लक्ष वेधण्यांत आलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मात्र बहिरेपणामुळें वैद्यकाचा मार्ग बंद झाला. तेव्हां त्या हताश झाल्या नाहींत; अध्यापनाकडे वळल्या. ही दुसरी खूण. हेतु कायम असेल, तर एक दार मिटल्यानें प्रवास थांबत नाहीं. केवळ वाट बदलते.

तिसरी खूण विवेकबुद्धीची. धर्मांतरानंतरही, गुरुजन सांगतात एवढ्याचसाठीं रमाबाईंनीं कोणतेंही मत मान्य केलें नाहीं; शास्त्र स्वतः वाचून पटेल तेंच घेतलें. वडिलांचा सल्ला आदरानें ऐकावा, पण निर्णयाचा भार त्यांच्या माथीं टाकूं नये, हा यांतील बोध आहे.

चौथी खूण सर्वांत कठीण, ती किंमतीची. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास गेलें. तेथें विधवांस शिक्षण मिळूं लागलें. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हां खोलीचें दार उघडें असे व कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून वादळ उठलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची शंका निराधार होती, असें म्हणतां येत नाहीं. कारण धर्मनिरपेक्षतेच्या भरंवशावरच त्यांनीं मुली पाठविल्या होत्या. परंतु आपली श्रद्धा लपवून सेवा करणें रमाबाईंस शक्य नव्हतें. दोन्ही पक्षांस आपापलें सत्य होतें, आणि म्हणूनच ती किंमत जड होती.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां आपल्या बालपणींची भूक रमाबाईंस आठवली. त्या स्वतः तेथें गेल्या व शेंकडों निराधार मुलींस घेऊन आल्या. केडगांवच्या शेतजमिनीवर 'मुक्ति' वसली. तेथें मुली शेती, विणकाम व छपाई शिकून स्वावलंबी झाल्या. पुढें हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें आणि तें काम पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवला.

सारांश, पाचारण म्हणजे एका रात्रींत झालेला साक्षात्कार नव्हे. गरज, सामर्थ्य, विवेक व त्याग यांची वर्षानुवर्षें पडताळणी होत तें स्पष्ट होतें. ज्या घरांत मुलांस 'किती मिळेल?' याबरोबरच 'कोणाच्या उपयोगीं पडेल?' असेंही विचारलें जातें, त्या घरांत, धर्म कोणताही असो, ही पडताळणी सुरू झालेलीच असते.